स्वप्न, स्मृती आणि इतिहास : रवींद्रनाथ टागोर यांच्या ‘राजर्षी’ कादंबरीच्या निर्मितिप्रक्रियेचा एक अभ्यास

सारांश

कथात्म साहित्याची निर्मिती स्वप्नातून झाल्याची निवेदने जगातील अनेक लेखकांनी केली आहेत. साहित्याच्या इतिहासात ही निवेदने बहुधा रंजक आख्यायिका म्हणून उद्धृत केली जातात. ऐतिहासिक साधन म्हणून त्यांची छाननी क्वचितच होते. प्रस्तुत शोधनिबंधात रवींद्रनाथ टागोर यांच्या ‘राजर्षी’ या कादंबरीचा व तिच्यावरून लिहिलेल्या ‘विसर्जन’ या नाटकाचा विचार केला आहे. १८८५ मध्ये रेल्वेप्रवासात पडलेले एक स्वप्न, त्याची लेखकाने आयुष्यात दोन वेळा केलेली आणि परस्परांशी पूर्णतः न जुळणारी निवेदने, त्रिपुरा राज्याचा सतराव्या शतकातील इतिहास आणि मासिकाची निकड या चार घटकांच्या परस्परसंबंधांतून ही कलाकृती कशी घडली, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजशब्द : स्वप्नप्रतीक, कथाबीज, आत्मचरित्र, साधनचिकित्सा, त्रिपुरा, बळिप्रथा.

प्रस्तावना

स्वप्न आणि शब्द यांचे नाते भारतीय परंपरेला नवीन नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘स्वप्नवासवदत्ता’पासून जगद्देवाच्या ‘स्वप्नचिंतामणी’पर्यंत स्वप्नाचा विचार नाट्य आणि शास्त्र अशा दोन्ही अंगांनी झालेला आहे. महाराष्ट्रात तर स्वप्नाला वाङ्मयनिर्मितीचे अधिष्ठानच लाभले. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्याची आज्ञा दिली, असे तुकाराम महाराज सांगतात. बहिणाबाईंना तुकाराम महाराजांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. या परंपरेत स्वप्न ही आज्ञा असते. तिचा अर्थ लावावा लागत नाही, ती पाळावी लागते.

अठराव्या शतकात उदयास आलेल्या कादंबरी या वाङ्मयप्रकारात स्वप्नाचे स्थान बदललेले दिसते. येथे स्वप्न लेखकाला काय लिहावे याची आज्ञा देत नाही. ते त्याच्यापुढे एखादे दृश्य ठेवते आणि निघून जाते. त्या दृश्याचा अर्थ काय, त्याच्या आधी काय घडले आणि पुढे काय घडेल, हे जाग्या लेखकाला ठरवावे लागते. आज्ञेकडून सामग्रीकडे झालेला हा प्रवास साहित्याच्या इतिहासातील महत्त्वाचे स्थित्यंतर आहे. ‘राजर्षी’ हे त्याचे भारतीय साहित्यातील एक ठळक आणि साधनांच्या दृष्टीने समृद्ध उदाहरण होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कादंबरीलेखनातील स्वप्नाविषयीच्या लेखकांच्या निवेदनांची ऐतिहासिक साधन म्हणून चिकित्सा करणे.
२) ‘राजर्षी’च्या संदर्भात स्वप्न, इतिहास व नियतकालिकाची गरज यांचा वाटा निश्चित करणे.
३) स्वप्नातील प्रतीकाचे कादंबरी व नाटक यांत झालेले रूपांतर तपासणे.

संशोधन पद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘जीवनस्मृती’ हे आत्मचरित्र, ‘रवींद्र-रचनावली’साठी लिहिलेले ‘राजर्षी’चे प्रास्ताविक, कादंबरी व नाटक ही प्राथमिक साधने मानली आहेत. एकाच घटनेविषयी एकाच साक्षीदाराने वेगवेगळ्या काळी दिलेल्या साक्षी जशा पडताळल्या जातात, तशीच स्वप्नाविषयीची निवेदने येथे पडताळली आहेत.

स्वप्न आणि कादंबरी : युरोपीय पार्श्वभूमी

कादंबरीच्या इतिहासात स्वप्नाचा दाखला ठळकपणे प्रथम येतो तो हॉरेस वॉल्पोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीच्या संदर्भात. डिसेंबर १७६४ मध्ये हे पुस्तक एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून प्रसिद्ध झाले. मार्च १७६५ मध्ये विल्यम कोल या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात वॉल्पोलने खरी हकीकत सांगितली. आदल्या वर्षीच्या जूनच्या आरंभी आपण एका प्राचीन किल्ल्यात असल्याचे स्वप्न त्याला पडले होते. मोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक अवाढव्य हात त्याला दिसला. त्याच संध्याकाळी, काय लिहायचे हे ठाऊक नसताना, तो लिहावयास बसला. स्वप्न आणि त्याचे निवेदन यांत येथे सुमारे नऊ महिन्यांचे अंतर आहे.

मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा दाखला अधिक गुंतागुंतीचा आहे. जिनीव्हा सरोवराकाठी १८१६ च्या जूनमध्ये भुताच्या गोष्टी लिहिण्याचा बेत ठरला, अनेक दिवस आपल्याला काही सुचले नाही आणि मग एका रात्री अर्धवट जागेपणी आपण निर्माण केलेल्या प्राण्याजवळ गुडघे टेकलेला फिकट चेहऱ्याचा विद्यार्थी दिसला, असे त्यांनी लिहिले आहे. मात्र हे निवेदन १८३१ च्या आवृत्तीतील आहे. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गोष्टी लिहिण्याच्या बेताचा उल्लेख आहे, स्वप्नाचा नाही. शिवाय त्या मंडळीतील डॉक्टर पॉलिडोरी याने १७ जून १८१६ च्या दैनंदिनीत आपल्याखेरीज सर्वांच्या गोष्टींना आरंभ झाल्याचे नोंदविले आहे. अनेक दिवस रिकामे गेल्याच्या मेरी शेलींच्या आठवणीशी ही नोंद सहज जुळत नाही. २०११ मध्ये डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने खिडकीतून येणाऱ्या चंद्रप्रकाशाच्या वर्णनावरून त्या रात्रीची वेळ १६ जूनच्या पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान निश्चित करण्याचा प्रयत्न केला. एका स्वप्नासाठी खगोलगणितापर्यंत जावे लागते, यावरूनच या प्रकारच्या पुराव्याचे स्वरूप लक्षात यावे.

तिसरा दाखला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा. ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ची कल्पना त्यांना १८८५ मध्ये बोर्नमथ येथे स्वप्नात सुचली. कादंबरी जानेवारी १८८६ मध्ये आली आणि स्वप्नाची हकीकत त्यांनी १८८८ मध्ये एका मासिकातील लेखात सांगितली. तीत त्यांनी स्वप्नाचा हिशेब नेमकेपणाने मांडला आहे. खिडकीपाशी घडणारा प्रसंग आणि पाठलाग होत असताना हाइडने चूर्ण घेऊन रूप पालटण्याचा प्रसंग एवढेच स्वप्नाचे देणे. उरलेले सर्व, विशेषतः कथेतील नैतिक आशय, जागेपणीचा. त्या काळी आपल्याला पैशाची निकड होती आणि म्हणूनच आपण कथाविषयाच्या शोधात होतो, हेही त्यांनी लपविले नाही.

या तीन उदाहरणांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. स्वप्न कथानक देत नाही, एक दृश्य देते. आणि स्वप्नाचे निवेदन जितके उशिरा केले जाते, तितकी त्यात पुढे लिहिल्या गेलेल्या कलाकृतीची छाया पडण्याचा संभव वाढतो. ‘राजर्षी’चा विचार या दोन सूत्रांच्या आधारे करता येतो. योगायोग असा की, स्टीव्हन्सन यांचे स्वप्न आणि रवींद्रनाथांचे स्वप्न एकाच वर्षातील आहे.

‘बालक’ मासिक आणि १८८५ चा संदर्भ

१८८५ मध्ये, म्हणजे बंगाली संवत्सर १२९२ च्या वैशाखात, ज्ञानदानंदिनी देवी यांच्या संपादनाखाली ‘बालक’ हे मुलांसाठीचे मासिक कलकत्त्यात सुरू झाले. ज्ञानदानंदिनी या रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची सेवा मुंबई इलाख्यात झाली आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत आणले. स्वतः रवींद्रनाथ १८७८ मध्ये मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते, तर १८८३ मध्ये सत्येंद्रनाथांकडे कारवारला. ज्या घरातून ‘बालक’ निघाले, त्या घराचा पश्चिम भारताशी असा निकटचा संबंध होता.

घरातील मुलांनी मासिकात लिहावे ही संपादिकेची मूळ इच्छा. केवळ त्यांच्या लिखाणावर मासिक चालणार नाही हे लक्षात आल्यावर चोवीस वर्षांच्या रवींद्रनाथांकडे लेखनाचा भार आला. वैशाख व ज्येष्ठ या पहिल्या दोन महिन्यांत त्यांची ‘मुकुट’ ही कथा प्रसिद्ध झाली. ‘मुकुट’ची पार्श्वभूमी त्रिपुराच्या राजघराण्याची आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची ठरते. आषाढापासून ‘राजर्षी’ क्रमशः येऊ लागली. मासिक मात्र वर्षभरानंतर ‘भारती’त विलीन झाले.

या काळाला आणखी एक संदर्भ आहे. १८८४ मध्ये रवींद्रनाथ आदि ब्राह्मो समाजाचे चिटणीस झाले. त्याच सुमारास बंगालमध्ये हिंदू धर्माच्या पुनरुत्थानाची चळवळ जोर धरीत होती आणि धर्माच्या स्वरूपाविषयी बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्याशी रवींद्रनाथांचा जाहीर वाद झाला होता. कर्मकांड आणि करुणा, शास्त्र आणि सदसद्विवेक यांचे नाते हा त्या काळच्या सुशिक्षित बंगाली घरांतील रोजचा विषय होता. रवींद्रनाथ ज्यांना भेटावयास देवघरला गेले ते राजनारायण बसू हेही आदि ब्राह्मो समाजाचे ज्येष्ठ नेते. स्वप्न रात्री पडले असले, तरी त्याला लागणारी सामग्री दिवसा जमा झाली होती.

एका स्वप्नाची दोन निवेदने

स्वप्नाचे पहिले निवेदन ‘जीवनस्मृती’त आहे. हे आत्मचरित्र १९११-१२ मध्ये ‘प्रवासी’ मासिकातून क्रमशः आले आणि १९१२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील हकीकत थोडक्यात अशी : राजनारायण बसूंना भेटून कलकत्त्यास परतताना रात्रीच्या गाडीत गर्दी होती आणि दिवा नेमका डोळ्यांवर जळत होता. झोप येणारच नाही, तर ‘बालक’साठी एखादी गोष्ट जुळवून ठेवावी, असे लेखकाच्या मनात आले. गोष्ट आली नाही, झोप आली. स्वप्नात एका मंदिराच्या पायरीवर बळीच्या रक्ताचा डाग दिसला. एक लहान मुलगी व्याकूळ होऊन वडिलांना त्या रक्ताविषयी विचारीत होती. वडील मनातून व्यथित झाले होते, परंतु वरकरणी रागाचा आव आणून तिचा प्रश्न दाबू पाहत होते. जाग येताच ही स्वप्नात मिळालेली गोष्ट आहे, असे लेखकाला वाटले. या स्वप्नाला त्रिपुराचा राजा गोविंदमाणिक्य याच्या जुन्या वृत्तांताची जोड देऊन ‘राजर्षी’ लिहिली गेली. आपल्या आणखीही काही कथा अशाच स्वप्नलब्ध आहेत, असे ते तेथे नमूद करतात.

दुसरे निवेदन विश्वभारतीने १९३९ पासून प्रकाशित करण्यास आरंभ केलेल्या ‘रवींद्र-रचनावली’साठी लिहिलेल्या प्रास्ताविकातील आहे. स्वप्नाला आता सुमारे ५५ वर्षे लोटली होती. येथे लेखक देवघरला जाण्यास निघालेला आहे. गर्दीचा उल्लेख नाही. त्याऐवजी एक अँग्लो-इंडियन सहप्रवासी आहे. लेखकाने दिव्यावर ओढलेले आवरण तो पुन्हा काढतो. स्वप्नातील मंदिर दगडी आहे, पायऱ्या पांढऱ्या दगडाच्या आहेत आणि त्यांवरून बळीचे रक्त ओघळत येत आहे. वडील मुलीचे तोंड बंद करू पाहतात, तेव्हा ती आपल्या पदराने ते रक्त पुसू लागते.

दोन्ही निवेदनांतील गाभा एकच आहे : मंदिर, रक्त, मुलगी, तिचा प्रश्न आणि तो दाबू पाहणारा पिता. तपशील मात्र बदलले आहेत. जाणे आणि परतणे यांतील फरक स्मृतीची सामान्य चूक म्हणून सोडून देता येईल. रक्ताच्या संदर्भातील बदल अधिक अर्थपूर्ण आहे. १९१२ च्या निवेदनात रक्ताचा डाग आहे, १९४० च्या सुमाराच्या निवेदनात रक्ताचा ओघ आहे. पहिल्यात मुलगी केवळ विचारते, दुसऱ्यात ती पुसते. आता कादंबरीचा आरंभीचा भाग पाहिला असता असे आढळते की, गोमती नदीच्या घाटाच्या पांढऱ्या दगडी पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत गेलेली रक्ताची रेघ आणि ती पदराने पुसू लागणारी हासी ही दोन्ही दृश्ये कादंबरीत आहेत. म्हणजे दुसऱ्या निवेदनात नव्याने आलेले तपशील नेमके कादंबरीतील तपशीलांशी जुळतात.

याचे दोन अर्थ संभवतात. पहिल्या निवेदनात लेखकाने स्वप्न संक्षेपाने सांगितले आणि दुसऱ्यात ते पूर्ण केले, हा एक. अर्धशतकाच्या अंतरात कादंबरीतील दृश्य स्वप्नाच्या आठवणीत मिसळून गेले, हा दुसरा. दुसरा अर्थ अधिक संभाव्य वाटतो. ‘जीवनस्मृती’च्या आरंभीच रवींद्रनाथांनी स्मृतीची तुलना चित्रकाराशी केली आहे. स्मृती घडलेल्या गोष्टींची जशीच्या तशी प्रत ठेवीत नाही. ती आपल्या आवडीप्रमाणे काही वगळते, काही लहान-मोठे करते, असा त्यांचा आशय आहे. साक्षीदार स्वतःच आपल्या साक्षीची मर्यादा सांगतो, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. मधल्या काळात विषयही विझलेला नव्हता. १९३५ मध्ये पंडित रामचंद्र शर्मा यांनी कालीघाट येथील पशुबळीविरुद्ध उपोषण केले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यांच्या समर्थनार्थ कविता लिहिली होती. ओघळणाऱ्या रक्ताचे चित्र वृद्ध कवीच्या मनात नव्याने गडद होण्यास हा प्रसंगही कारण झाला असणे शक्य आहे.

तेव्हा स्वप्नातून कादंबरी निर्माण झाली हे विधान जितके खरे, तितकेच कादंबरीतून स्वप्नाची आठवण पुन्हा घडली हेही खरे मानावे लागते. लेखकांच्या आत्मनिवेदनांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने ही दुहेरी वाट सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा निर्देश करावयास हवा. फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बसू यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि १९२६ मध्ये व्हिएन्ना येथे रवींद्रनाथ व फ्रॉइड यांची भेट झाली. असे असूनही दुसऱ्या निवेदनात मनोविश्लेषणाची परिभाषा औषधालाही नाही. आपल्या स्वप्नातील प्रतीकाचा उलगडा करण्याचा प्रयत्न रवींद्रनाथ करीत नाहीत. त्यातील प्रश्नाचे उत्तर ते कथेत शोधतात.

स्वप्नाला लाभलेला इतिहास

स्वप्नातील मंदिराला गाव नव्हते, मुलीला नाव नव्हते, काळ नव्हता. हे सर्व त्रिपुराच्या इतिहासाने दिले. गोविंदमाणिक्य १६६० मध्ये त्रिपुराच्या गादीवर आला. त्याचा सावत्र भाऊ नक्षत्रराय याने मोगलांच्या साह्याने राज्य बळकावले आणि छत्रमाणिक्य या नावाने काही वर्षे सत्ता भोगली. गोविंदमाणिक्याने रक्तपात न करता राज्य सोडले, अशी परंपरा आहे. छत्रमाणिक्यानंतर तो पुन्हा गादीवर आला. शाहजहानचा पुत्र शुजा औरंगजेबाकडून पराभूत होऊन १६६० मध्ये आराकानकडे पळाला, तोही याच काळात. बंधूसाठी सिंहासन सोडणारा राजा आणि सिंहासनासाठी भावांशी लढून परागंदा झालेला शाहजादा यांचा काळ एकच असावा, हा इतिहासाने कादंबरीकाराला दिलेला आयताच विरोध होता.

या इतिहासाकडे लेखक वळला तो स्वप्नानंतर अकस्मात नव्हे. ‘मुकुट’मुळे त्रिपुराचे राजघराणे, तेथील भावाभावांतील कलह आणि तेथील भूगोल त्याच्या मनात आधीच वावरत होता. स्वप्नातील निनावी मंदिर गोमतीच्या काठी जाऊन स्थिरावले, याचे कारण येथे सापडते. तसेच त्रिपुराचे महाराज वीरचंद्रमाणिक्य यांच्याशी त्याचा संबंध कवी म्हणून पूर्वीच जडला होता. १८८६ मध्ये रवींद्रनाथांनी महाराजांना पत्र लिहून गोविंदमाणिक्याच्या कारकिर्दीविषयी माहिती मागविली आणि महाराजांनी ती पुरविली. हा क्रम लक्षणीय आहे. आधी स्वप्न, मग मासिकातील लेखन, मग ऐतिहासिक साधनांचा शोध आणि शेवटी १८८७ मध्ये ग्रंथ. ऐतिहासिक कादंबरीचा लेखक सामान्यतः साधनांकडून कल्पनेकडे जातो. येथे प्रवास कल्पनेकडून साधनांकडे झालेला आहे.

कादंबरीतील दोन प्रमुख घटनांची मुळेही यावरून वेगळी करता येतात. राजाने राज्याचा त्याग करणे हे इतिहासाचे देणे आहे. बळी बंद करण्याची राजाज्ञा हे स्वप्नाचे देणे आहे. पुरोहित रघुपती नक्षत्ररायाला राजाविरुद्ध चिथावतो, या कल्पित दुव्याने लेखकाने या दोन घटना एकमेकींना बांधल्या.

प्रतीकाचे रूपांतर

स्वप्न जसेच्या तसे कादंबरीत आलेले नाही. स्वप्नात मुलीला वडील आहेत. कादंबरीतील हासी मात्र पोरकी आहे. ती आणि तिचा धाकटा भाऊ ताता काकाच्या आश्रयाने राहतात. स्वप्नातील पित्याची जागा राजाने घेतली आहे. आदल्या रात्री मंदिरात एकशे एक रेड्यांचा बळी दिला गेला आहे. सकाळी राजाचा हात धरून घाटावर आलेली हासी रक्त पाहून तोच प्रश्न विचारते. स्वप्नातील पिता प्रश्न दाबू पाहतो. राजा तो दाबत नाही. रक्त पुसू लागलेल्या मुलीबरोबर ताताही पुसू लागतो. हासीला ताप भरतो, वातात ती तेच विचारीत राहते आणि मरण पावते. प्रश्न मात्र राजाजवळ उरतो.

स्वप्न आणि कादंबरी यांतील सर्वांत मोठे अंतर येथे आहे. स्वप्नातील पिता म्हणजे मनातून अस्वस्थ असूनही रूढीपुढे गप्प बसणारा समाजातील सामान्य सज्जन मनुष्य. जाग्या लेखकाने त्याच्या जागी असा मनुष्य उभा केला, की ज्याला प्रश्न ऐकल्यानंतर गप्प बसता येत नाही आणि ज्याच्या हाती आज्ञा देण्याचा अधिकारही आहे. त्या अधिकाराची किंमत त्याला राज्य देऊन चुकवावी लागते. स्वप्नाने पेच दाखविला. कादंबरीने त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरविले.

पुढे रक्ताचे प्रतीक एकेक पायरी चढत जाते. प्रथम ते पशूचे आहे. मग देवीला राजरक्त हवे, असे सांगून रघुपती भावाच्या हातून भावाचा वध घडवू पाहतो. अखेर गुरुभक्ती आणि विवेक यांच्या कात्रीत सापडलेला, स्वतः राजवंशी क्षत्रिय असलेला शिष्य जयसिंह आपलेच रक्त देतो. रघुपतीने ज्याला पुत्रवत वाढविले, त्याचेच रक्त मंदिरात सांडते. मुलीचा प्रश्न आता पुरोहिताच्याच दाराशी येतो. रघुपतीची व्यक्तिरेखा खलपुरुषाची नाही. आपल्या श्रद्धेशी तो प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचा पराभव वाचकाला सुखावीत नाही, अंतर्मुख करतो.

कादंबरी वस्तुतः पंधराव्या प्रकरणातच संपली होती आणि पुढचा भाग मासिकाची भूक भागविण्यासाठी वाढवावा लागला, अशी कबुली रवींद्रनाथांनी उपरोक्त प्रास्ताविकात दिली आहे. स्वप्नाचा विचार करता ही कबुली समर्पक ठरते. जयसिंहाच्या आत्मबलिदानाबरोबर स्वप्नाने दिलेली शक्ती संपते. त्यानंतरची कादंबरी इतिहासाच्या आणि नियतकालिकाच्या बळावर चालते.

१८९० मध्ये लिहिलेले ‘विसर्जन’ हे नाटक या पूर्वभागावरच बेतलेले आहे. त्यात हासी नाही. तिच्याऐवजी अपर्णा ही भिकारीण मुलगी येते. जिचे बोकड बळीसाठी ओढून नेले गेले आहे. हासीचा प्रश्न निरागसतेतून आला होता, अपर्णाचा हानीतून येतो. मुलगी पाहणारी न राहता भोगणारी झाली. १८९० च्या प्रयोगात रवींद्रनाथांनी रघुपतीची भूमिका केली आणि १९२३ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तरुण जयसिंहाची. १९१७ मध्ये या नाटकाचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले, तेव्हा युद्धदेवता नरबळी मागत असताना शांततेच्या बाजूने निर्भयपणे उभ्या राहिलेल्या वीरांना ते अर्पण करण्यात आले. १८८५ मधील एका पायरीवरचे रक्त पहिल्या महायुद्धाच्या रणांगणापर्यंत असे पोहोचले.

कल्पिताचा इतिहासावर परिणाम

‘राजर्षी’ने केवळ इतिहासाकडून घेतले नाही, इतिहासाच्या लोकस्मृतीला दिलेही. उदयपूर येथे गोमतीकाठचे, गोविंदमाणिक्याने बांधलेले भुवनेश्वरी मंदिर आज प्रवाशांना ‘राजर्षी’ व ‘विसर्जन’मधील मंदिर म्हणूनच दाखविले जाते. बळी बंद करणारा राजा ही गोविंदमाणिक्याची प्रतिमा प्रामुख्याने या दोन कलाकृतींनी रूढ केली. स्वप्नातून आलेला अंश इतिहासाचा भाग म्हणून वावरू लागला, की इतिहासाच्या शिक्षकाची जबाबदारी वाढते. वर्गात ‘राजर्षी’चा उल्लेख करताना सत्तात्याग आणि बळिबंदी या दोहोंचे मूळ वेगळे आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावयास हवे. असे सांगितल्याने कादंबरीचे मोल कमी होत नाही. उलट, नोंदीत नसलेला प्रश्नही समाजाला किती काळ अस्वस्थ ठेवू शकतो, हे त्यातून कळते. २७ सप्टेंबर २०१९ रोजी त्रिपुरा उच्च न्यायालयाने राज्यातील मंदिरांतील पशुबळीस मनाई करणारा निकाल दिला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. श्रद्धा, परंपरा आणि करुणा यांचा जो पेच एका चोवीस वर्षांच्या प्रवाशाला गाडीत डुलकी लागली असता दिसला, तो त्यानंतर १३४ वर्षांनीही न्यायासनापुढे उभा होता.

निष्कर्ष

१) स्वप्नाने रवींद्रनाथांना कथानक दिले नाही; एक दृश्य आणि एक अनुत्तरित प्रश्न दिला. वॉल्पोल, मेरी शेली व स्टीव्हन्सन यांच्या निवेदनांतूनही हेच दिसते.

२) स्वप्न निर्वात पोकळीत पडले नाही. ‘मुकुट’ची त्रिपुरा, धर्मविषयक समकालीन वाद आणि ‘बालक’साठी गोष्ट हवी असण्याची निकड यांनी त्याची भूमी तयार केली होती.

३) १९१२ व १९४० च्या सुमाराची निवेदने तपशीलात भिन्न आहेत आणि उत्तरकालीन निवेदनातील नवे तपशील कादंबरीशी जुळतात. त्यामुळे लेखकाचे स्वप्ननिवेदन हे स्वप्नाचे साधन जितके, तितकेच ते निवेदनकाळातील मनाचेही साधन मानले पाहिजे.

४) निर्णायक वाङ्मयीन कृती स्वप्नाच्या स्वीकारात नसून त्याच्या बदलात आहे. प्रश्न दाबणाऱ्या पित्याच्या जागी प्रश्न स्वीकारणारा राजा आणणे हे जागेपणीचे, विचारपूर्वक केलेले कार्य आहे.

५) संतपरंपरेत स्वप्नातील आज्ञेला शब्द देणे हे कवीचे कर्तव्य होते. आधुनिक कादंबरीकाराला स्वप्नाने केवळ विचारले. उत्तर त्याला स्वतःच्या जबाबदारीवर द्यावे लागले. ‘राजर्षी’तील हासी उत्तर न मिळताच जाते. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लेखकाने एक राजा, एक पुरोहित आणि एक शिष्य उभे केले, पुढे नाटक लिहिले, आणि वयाची साठी उलटल्यावर स्वतः रंगमंचावर येऊन त्या शिष्याची भूमिका केली. स्वप्नातील प्रतीकाचे सामर्थ्य ते लेखकाला किती काळ स्वस्थ बसू देत नाही यावरून मोजावयाचे असेल, तर या स्वप्नाचे मोजमाप रवींद्रनाथांच्या अवघ्या आयुष्याएवढे भरते.